पहिलं क्रिप्टो वॉलेट कोणतं घ्यावं? (साठेक हजारांसाठी)

कडीपत्ता · ७ सप्टेंबर २०२५, २१:१२

नमस्कार मंडळी. गणपती गेले, घर आवरून झालं, आता निवांत विचारते.

एका भारतीय अ‍ॅपवरून दर महिन्याला थोडं थोडं बिटकॉइन घेत आलेय, मध्ये थोडं इथरही (इथेरियम नावाच्या नेटवर्कचं नाणं) घेतलं. सगळं मिळून आज साठेक हजारांचं आहे आणि सगळं त्या अ‍ॅपवरच पडून आहे. धाकटे दीर मागे लागलेत, "वहिनी, स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून घ्या, अ‍ॅपवरचं आपलं नसतं." गेल्या वर्षी जुलैत वझीरएक्सवर चोरी झाली, यंदा जुलैत कॉइनडीसीएक्सवर, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात तथ्य वाटतं. पण शोधायला बसले तर मेटामास्क, ट्रस्ट वॉलेट, इलेक्ट्रम, ब्लूवॉलेट, लेजर, ट्रेझर... प्रत्येक व्हिडिओवाल्याचं वेगळंच, आणि खाली "माझ्याच लिंकवरून घ्या" असा आग्रह.

एवढ्याशा रकमेसाठी वॉलेट काढावं का? काढायचं तर फोनवरचं की ते पेनड्राइव्हसारखं यंत्र? आणि काढून घेताना टॅक्स लागतो का?

क्रिप्टो घ्यावं की नाही यावर इथे आधीच भरपूर धागे आहेत. कृपया तो वाद इथे नको.

मिठाचा खडा · २१:२०

तो वाद इथेच होणार. बसतो कोपऱ्यात चहा घेऊन.

टिकोजीराव · २१:३४

साठ हजारांत अर्धा तोळा सोनं आलं असतं. ते ठेवायला कपाट पुरतं, वॉलेटचे ते बारा गुप्त शब्द सांभाळावे लागत नाहीत.

मिठाचा खडा · २१:३५

चौदा मिनिटं.

स्लो लोकल · २२:०४

बाहेर ग्रहण लागलंय. सुटेपर्यंत व्यवहार नको. आणि लगेच पितृपक्ष. सर्वपित्रीनंतर बघा काय ते. (दिवा घ्या, म्हणजे हलकं घ्या)

निशाचर · २२:४८

कडीपत्ता, ब्रँडवर जाण्याआधी दोन गोष्टी तपासा.

तुमच्या अ‍ॅपवरून नाणं बाहेर पाठवता येतं का? आपल्याकडच्या काही अ‍ॅपवर खरेदी-विक्री होते, रुपये बँकेत परत येतात, पण बिटकॉइन म्हणून बाहेर काढायची सोयच नसते. कुठे सोय असते, पण त्यासाठी वेगळी पडताळणी करून घ्यावी लागते. 'विथड्रॉ'मध्ये रुपयांखेरीज काही दिसतं का ते बघा. दिसत नसेल तर तिथलं विकून दुसरीकडे नव्याने घ्यावं लागेल, आणि विकलं की टॅक्स आलाच.

दुसरं, तुमच्याकडे नेमकं काय आहे. बिटकॉइन आणि इथर हे दोन वेगळे कारभार आहेत. मेटामास्क मुळात इथेरियमचं, ते बिटकॉइनसाठी बनलेलं नाही. ब्लूवॉलेट आणि इलेक्ट्रम फक्त बिटकॉइनची. ट्रस्ट वॉलेटमध्ये दोन्ही राहतात, शिवाय आणखी शंभर गोष्टी राहतात आणि नवा माणूस त्या शंभर गोष्टींना बोट लावून बघतो. तुमचं बहुतेक बिटकॉइनच असेल तर मी फक्त बिटकॉइनचं साधं वॉलेट सुचवीन. जितकी बटणं कमी तितकं बरं.

वॉलेटमध्ये नाणी नसतात हे एकदा लक्षात आलं की पुढचं सोपं जातं. नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक नोंदवहीवर असते, वॉलेट फक्त ती हलवायची किल्ली सांभाळतं. ती किल्ली सुरुवातीला बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांच्या रूपात दाखवली जाते (याला 'सीड' म्हणतात). शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतलेच असतात. फोन हरवला, अ‍ॅप बंद पडलं, कंपनी बुडाली, तरी तेच शब्द दुसऱ्या वॉलेटमध्ये घातले की सगळं परत दिसतं. आणि तेच दुसऱ्याच्या हाती लागले तर त्याला तुमचा फोन, पिन, ओटीपी काहीच लागत नाही. म्हणून मी म्हणेन, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर ते शब्द घरात कुठे राहणार यात आहे. त्याचा विचार केलाय का?

कडीपत्ता · २३:०६

खरं सांगू? नाही केला. दीर म्हणाले फोनवर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

निशाचर · २३:०९

दिरांना सांगा, स्क्रीनशॉट गूगल फोटोजवर आपोआप चढू शकतो आणि मग घरातल्या टॅबवरही उघडतो. चोरांची सॉफ्टवेअरं आता गॅलरीतले फोटो वाचून असे शब्द शोधतात. कागद आणि पेन. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवणं, ईमेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवणं, यातलं काहीही नाही.

विदर्भी ठेचा · २३:३१

निशाचर भाऊ, नवीन माणसाले काहून भेव दाखवून राहिले? साठ हजारासाठी एवढा खटाटोप कायले पाहिजे? माह्या ओळखीत एक्स्चेंजपायी, म्हणजे खरेदी-विक्रीच्या कंपनीपायी, पैसे अडकलेले कमी, अन् शब्दांचा कागद हरवून बसलेले जास्त. ते वेल्समधलं माहीत आहे नं? जेम्स हॉवेल्स. २०१३ मध्ये हार्ड डिस्क कचऱ्यात गेली, हजारो बिटकॉइन त्यात, अन् तो माणूस वर्षानुवर्षं नगरपालिकेशी भांडून राहिला की मले कचरा डेपो खोदू द्या. अन् तो स्टीफन थॉमस. ७००२ बिटकॉइन, पासवर्ड इसरला, दहा संधीपैकी आठ वापरून झाल्या. हे लोक कॉम्प्युटरवालेच होते बावा. मग आपलं काय?

मी तं म्हणतो, एफआययूकडे (सरकारची फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट) नोंदणी केलेल्या दोन अ‍ॅपवर निम्मं निम्मं ठेवा, पासवर्ड पक्का, ओटीपी एसएमएसवर न ठेवता ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर घ्या, अन् झोपा.

शून्य शिल्लक · ८ सप्टेंबर, ०७:१५

ठेचा, एफआययूकडची नोंदणी ही मनी लाँडरिंगच्या कायद्याखालची आहे. २०२३ पासून सगळ्यांना ती लागते. तिचा तुमच्या पैशाच्या सुरक्षिततेशी काडीचा संबंध नाही. बँकेतल्या ठेवीवर पाच लाखांपर्यंत विमा असतो, इथे शून्य.

वझीरएक्सचं काय झालं ते नीट बघा. १८ जुलै २०२४ ला एका वॉलेटमधून साधारण २३ कोटी डॉलर गेले. एकूण ठेवींच्या निम्म्याच्या जवळपास. पैसे काढणं त्याच दिवशी बंद, प्रकरण सिंगापूरच्या कोर्टात, आणि वर्ष उलटलं तरी लोक वाट बघत होते. या काळात बिटकॉइनचा भाव दुपटीच्या आसपास गेला आणि माणसाला साधं विकताही आलं नाही. कॉइनडीसीएक्सच्या बाबतीत यंदा साडेचार कोटी डॉलरच्या आसपास गेले, पण ते कंपनीच्या स्वतःच्या खात्यातले, ग्राहकांना झळ नाही, असं कंपनीने सांगितलं. दोन्ही वेळी ग्राहकाच्या हातात काय होतं? ट्विटर रिफ्रेश करणं.

सुतारपक्षी · ०८:०२

शून्य शिल्लक यांचं बरोबर आहे, पण त्याच वझीरएक्स प्रकरणात एक गोष्ट लोक विसरतात. त्या वॉलेटला एकाहून जास्त सह्या लागत होत्या आणि सह्या करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेटच (ते पेनड्राइव्हसारखं यंत्र) होती. समोरच्या पडद्यावर एक व्यवहार दिसत होता, सही दुसऱ्याच व्यवहारावर झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट एक्स्चेंजचे दीडशे कोटी डॉलर गेले तेही याच जातीचं. तेव्हा "यंत्र घेतलं, आता काळजी मिटली" असं कोणी सांगत असेल तर हसून सोडून द्या.

यंत्राचं म्हणाल तर किल्ली त्याच्या बाहेर येत नाही हा त्याचा खरा फायदा. तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस असला तरी व्यवहार मंजूर करायचं बटण त्या डबीवरच दाबावं लागतं, आणि कोणाला किती जातंय ते डबीच्या चिमुकल्या पडद्यावर दिसतं. ट्रेझर २०१४ पासून आहे, प्रागच्या कंपनीचं. लेजर फ्रान्सचं. गुरुग्रामच्या सायफरॉकचंही एक आहे, त्यात किल्लीचे पाच तुकडे करून यंत्रात आणि चार कार्डांत ठेवतात. किंमत मात्र बघा. साध्यातलं साधं यंत्र कस्टम वगैरे धरून सहज सात-आठ हजारांत जातं. साठ हजारांवर ते मला जड वाटतं. दीड-दोन लाख झाले की घ्या.

घ्याल तेव्हा कंपनीच्या साइटवरून किंवा तिने नाव दिलेल्या विक्रेत्याकडूनच. ओएलएक्सवर "सीलबंद, अर्ध्या किमतीत" नको. खोक्यात शब्द आधीच छापून आलेले कार्ड निघालं, वर स्क्रॅच करायची पट्टी वगैरे, तर ते शब्द चोराचे असतात. शब्द नेहमी यंत्राने तुमच्या डोळ्यांदेखत तयार करायचे. आणि लेजरच्या ग्राहकांची यादी २०२० मध्ये फुटली होती, पावणेतीन लाखांच्या आसपास लोकांचे घरचे पत्ते, फोन नंबर सगळं. त्यातल्या काहींच्या घरी पुढे पोस्टाने नकली यंत्रं आली, सोबत कंपनीच्या नावाचं पत्र. कुरियर ऑफिसच्या पत्त्यावर मागवलेलं बरं.

बे एरियाकर · ०९:२६

इकडे रात्र आहे, पण राहवलं नाही. अमेरिकेत जानेवारी २०२४ पासून बिटकॉइनचे स्पॉट ईटीएफ आलेत, म्हणजे शेअरसारखा घेता येणारा, बिटकॉइन बाळगणारा फंड. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी वॉलेट, यंत्र सगळं बाजूला ठेवलं आणि रिटायरमेंट खात्यातून ईटीएफ घेऊन मोकळे झाले. शब्द नाहीत, कागद नाही.

शून्य शिल्लक · ०९:४०

भारतात तसा ईटीएफ नाही. धागा नाशिक-नागपूरकडच्या माणसासाठी आहे.

बे एरियाकर · ०९:४३

बरं. वाचतोय.

पेठकर · १०:५५

वॉलेट कोणतं घ्याल ते घ्या, फक्त "मी काढून देतो" म्हणणाऱ्याच्या हाताने काढू नका. पुण्यात बसून सांगतोय. गेनबिटकॉइनवाल्यांनी दरमहा १० टक्के, १८ महिने, असं सांगून लोकांकडून बिटकॉइन गोळा केले. गुंतवणारे निवृत्त लोक, डॉक्टर, व्यापारी. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटका केल्या. गंमत पुढे आहे. तपासात तांत्रिक मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच २०२२ मध्ये त्याच पोलिसांनी अटक केली, आरोपींच्या वॉलेटमधले बिटकॉइन वळते केल्याच्या आरोपावरून. किल्ली ज्याच्या नजरेखालून गेली त्याच्यावर तुमचं लक्ष राहणं शक्य नाही, मग तो पोलिसांचा माणूस असो की तुमचा भाचा.

मिठाचा खडा · ११:०२

भाच्याला का मध्ये घेतलं? इथे तर दीर आहेत.

रानजाई · ११:३०

दिरांचा विषय निघालाच आहे तर विचारते, उद्या आपण नसलो तर? बँकेत, म्युच्युअल फंडात नॉमिनी असतो. इथे?

कॅनडाच्या क्वाड्रिगा एक्स्चेंजचा मालक डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला वारला आणि सांगितलं गेलं की सगळे पासवर्ड त्याच्याबरोबर गेले. (पुढे चौकशीत निघालं की तो आधीपासूनच लोकांचे पैसे उडवत होता, पण ते वेगळं.) आमच्याकडे ह्यांना यातलं काही कळत नाही आणि समजून घ्यायची इच्छाही नाही. मी शब्द अगदी जपून ठेवले आणि कोणालाच ठाऊक नसले तर ते पैसे गेल्यातच जमा.

निशाचर · १२:१५

रानजाई, नॉमिनी नसतो. शब्द मृत्युपत्रात लिहू नका, ते पुढे वकील, कोर्ट, नातेवाईक अशा दहा हातांतून जातं. मृत्युपत्रात एवढंच लिहायचं की अमुक वॉलेट आहे आणि पाकीट अमुक ठिकाणी आहे. पाकिटात शब्दांबरोबर घरच्यांसाठी साध्या मराठीत एक पानभर सूचना. अ‍ॅपचं नाव, नाणं कोणतं, घाई करू नका, आणि 'मदत करतो' म्हणणाऱ्या कुणालाही हा कागद दाखवू नका.

कडीपत्ता · १२:४०

एक बाळबोध प्रश्न. सासरे इंग्रजी वाचत नाहीत. शब्द देवनागरीत लिहून ठेवले तर चालतील का? आणि मराठी शब्दांचीच यादी नाही का?

निशाचर · १३:०५

मराठी नाही, हिंदीही नाही. जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच, चेक अशा याद्या आहेत, पण बहुतेक वॉलेट इंग्रजीच मानतात.

देवनागरीत अजिबात लिहू नका. 'उजवा' वाला राइट आणि 'लिहिणे' वाला राइट, दोन्ही त्या यादीत आहेत! कागदावर 'राइट' एवढंच लिहिलेलं असलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं? सुटी रोमन अक्षरं, सगळी कॅपिटल, शब्दाआधी क्रमांक. यादी अशी बेतली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखू येतो, त्यामुळे शेवटची अक्षरं पुसट झाली तरी निभावतं. शेवटच्या शब्दात थोडा ताळाही असतो. एखादा शब्द चुकला तर वॉलेट बहुतेक वेळा तिथल्या तिथे "चुकीचे शब्द" म्हणून अडवतं. बहुतेक वेळा, नेहमी नाही.

आडनावात काय · १३:२२

कागद भिजतो, वाळवी खाते, आई रद्दीत घालते. स्टीलच्या पट्टीवर कोरून घ्या. आपल्याकडे सोपं आहे, भांड्यांवर नावं घालणारे प्रत्येक बाजारात बसलेले असतात.

स्लो लोकल · १३:२५

"काका, या पातेल्यावर बारा शब्द घाला." काका: "बाई, सीड आहे का? बिटकॉइन आज कसा आहे?"

पेठकर · १३:४४

हसण्यावारी नेऊ नका, हेच होईल. त्यापेक्षा बोहरी आळीत अक्षरांचे पंच मिळतात, ए ते झेड पूर्ण संच. पट्टी पण तिथेच. घरी हातोडी घेऊन स्वतः ठोका. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात, म्हणजे बारा शब्दांची फार तर अठ्ठेचाळीस अक्षरं. खाली लाकडाचा ठोकळा घ्या, नाहीतर पट्टी वाकते. एक अक्षर उलटं ठोकलं गेलं की पट्टी फेकावी लागते, म्हणून दोन-तीन जास्तीच्या आणा. दुपारी ठोका, खालच्या मजल्यावरचे भांडायला येतात.

डिजिटल_रिकव्हरी_हेल्प · १४:१०

[हा प्रतिसाद अप्रकाशित करण्यात आला आहे. – संपादक]

मिठाचा खडा · १४:१२

गेला का? व्हॉट्सअ‍ॅप नंबर होता, "हरवलेले बिटकॉइन २४ तासांत परत".

आडवाटेचा · १४:५०

हे लोक येतातच. पैसे गेलेल्याला पुन्हा एकदा लुटायचा धंदा आहे हा, आधी 'फी' मागतात. याचंच दुसरं रूप यूट्यूबच्या कमेंटमध्ये दिसेल. कोणीतरी अगदी भोळेपणाने लिहितं, "माझ्या वॉलेटमध्ये यूएसडीटी आहेत, हे माझे बारा शब्द, बाहेर कसे काढू?" (यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं.) शब्द घालून बघितलं तर खरंच पैसे दिसतात. वाचणाऱ्याच्या मनात पाप येतं. पण ट्रॉन या नेटवर्कवरचे यूएसडीटी हलवायचे तर फी ट्रॉनच्याच नाण्यात, टीआरएक्समध्ये भरावी लागते, आणि ती त्या वॉलेटमध्ये नसते. म्हणून तो आपले थोडे टीआरएक्स तिथे पाठवतो. ते क्षणात गायब. मूळ पैसे मात्र जागचे हलतच नाहीत, कारण सहीचा अधिकार आधीच दुसऱ्या किल्लीकडे वळवलेला असतो. चोराला चोरानेच गंडवायचं, पोलिसांत तक्रार करणार कोण?

नव्या माणसासाठी यातली कामाची गोष्ट म्हणजे फी. इथेरियमवर काहीही हलवायचं तर थोडं इथर शिल्लक हवं, ट्रॉनवर टीआरएक्स. नाहीतर पैसे डोळ्यासमोर आणि हात बांधलेले. आणि पाठवताना नेटवर्क एकच निवडा. ट्रॉनचा पत्ता टी या अक्षराने सुरू होतो, इथेरियमचा ०एक्सने, बिटकॉइनचा आता बहुधा बीसी१ने.

विदर्भी ठेचा · १५:३०

पाहा. याच्यासाठीच मी म्हटलं होतं अ‍ॅपवर राहू द्या. पत्ता टीने, पत्ता झिरोने, पट्टी ठोका, ठोकळा आणा.

शून्य शिल्लक · १५:४१

ठेचा, तुम्ही यूपीआय वापरायला लागलात तेव्हाही असंच म्हणाला असाल.

विदर्भी ठेचा · १५:५०

यूपीआयचा पैसा चुकीच्या माणसाले गेला तं बँकेत जाऊन बोंबलता येते. इथं कोणाकडे जाऊ?

टिकोजीराव · १६:१०

सोनाराकडे.

हिशोबनीस · २२:३०

रिटर्न भरायची १५ तारीख तोंडावर आहे, ऑफिसातून आत्ता येतोय, त्यामुळे फक्त टॅक्सपुरतं.

स्वतःच्या अ‍ॅपवरून स्वतःच्याच वॉलेटमध्ये नाणं हलवणं ही विक्री नव्हे. त्यावर ३० टक्केही नाही आणि १ टक्का टीडीएसही नाही. पण नोंद ठेवा. किती घेतलं, कोणत्या तारखेला, कोणत्या भावाने, आणि कोणत्या पत्त्यावर पाठवलं. उद्या अ‍ॅप बंद पडलं तर खरेदीची किंमत सिद्ध करायला कागद तुमच्याकडेच हवा. स्टेटमेंट आजच उतरवून घ्या.

वॉलेटच्या आत 'स्वॅप' नावाचं बटण असतं. इथर देऊन यूएसडीटी घेतलं की कायद्याने इथर विकलं. नफा झाला असेल तर ३० टक्के अधिक सेस, रुपये हातात आलेले नसले तरी. खरेदीच्या किमतीखेरीज कुठलाच खर्च वजा होत नाही. एकात झालेला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वळता होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. २०२२ पासून हे असंच आहे. रिटर्नमध्ये व्हीडीएचं (क्रिप्टोसारख्या आभासी मालमत्तेचं) वेगळं परिशिष्ट आहे, व्यवहार तिथे दाखवायचे.

आणि वॉलेटमधून थेट कोणाला विकून, म्हणजे पीटूपीने, बँकेत रुपये घेऊ नका. समोरच्याने दिलेला पैसा कुठल्यातरी सायबर फसवणुकीतला निघाला की परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावर तुमचं खातं गोठतं. माझ्या एका अशिलाचं पगाराचं खातं असं बंद झालं आणि ते उघडून घेताना त्यांच्या नाकी नऊ आले. विकायचं तेव्हा परत एक्स्चेंजवर आणून विका.

निशाचर · ९ सप्टेंबर, ००:२०

ताजी बातमी, धाग्याशी थेट संबंध आहे. एनपीएमवरच्या (प्रोग्रामर तयार कोड जिथून घेतात ते भांडार) चॉक, डीबग वगैरे अठरा पॅकेजांमध्ये कोणीतरी काल घातक कोड घुसवला. आठवड्याला दोनशे कोटींहून जास्त वेळा उतरवली जाणारी पॅकेजं आहेत ही. सांभाळणाऱ्या माणसाला खोटा ईमेल आला, तो फसला. कोडचं काम एकच, ब्राउझरमध्ये तुम्ही क्रिप्टो पाठवायला गेलात की समोरचा पत्ता बदलून चोराचा, दिसायला मिळताजुळता पत्ता घालायचा. लेजरच्या तांत्रिक प्रमुखांनी सांगितलंय की हार्डवेअर वॉलेट नसेल तर सध्या व्यवहार थांबवा, असेल तर सही करण्याआधी प्रत्येक व्यवहार नीट वाचा.

कडीपत्ता, दोन-चार दिवस थांबा.

स्लो लोकल · ०७:४०

मी रविवारीच सांगितलं होतं, पितृपक्षात नको म्हणून. ऐकतंय कोण.

सुतारपक्षी · ०८:३०

चोरांच्या हाती फारसं काही लागलेलं दिसत नाही, लोकांनी काही तासांतच पकडलं. पण पत्ता बदलण्याचा प्रकार जुनाच आहे. क्लिपबोर्डवरचा, म्हणजे कॉपी केलेला, पत्ता बदलणारे व्हायरस कित्येक वर्षं फिरताहेत. आणि आता तुमच्या व्यवहारांच्या यादीत मुद्दाम चिल्लर पाठवून स्वतःचा मिळताजुळता पत्ता पेरतात, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही तोच उचलाल. जुन्या यादीतून पत्ता कधीच उचलू नका. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून भागत नाही, मधलीही बघा.

कडीपत्ता · १४ सप्टेंबर, २१:४५

सगळ्यांचे आभार. मधल्या दिवसांत काय केलं ते सांगते.

अ‍ॅपवर 'विथड्रॉ क्रिप्टो' होतं, पण सुरू करून घ्यायला सेल्फी, पॅन परत अपलोड आणि चोवीस तासांची वाट. फक्त बिटकॉइन काढायचं ठरवलं. ब्लूवॉलेट घेतलं, प्ले स्टोअरवर शोधून नाही, तर त्यांच्या साइटवरून प्ले स्टोअरच्या पानावर गेले. शब्द कॅपिटलमध्ये दोन कागदांवर लिहिले. मग निशाचर सांगतात तेवढ्यावर विश्वास न ठेवता आधी अगदी थोडंसं पाठवलं. अर्धा तास 'पेंडिंग'. ह्यांनी तेवढ्यात दोनदा विचारलं, "गेले का?" आले. मग अ‍ॅप फोनवरून काढूनच टाकलं, पुन्हा उतरवलं, कागद बघून बारा शब्द घातले आणि तीच रक्कम परत दिसली. ते बघितल्यावरच बाकीचं पाठवलं. एक कागद इथे, एक माहेरी आईच्या कपाटात, बंद पाकिटात. दिरांना कुठे ते सांगितलेलं नाही, ते जरा नाराज आहेत.

आता प्रश्न. दर महिन्याची खरेदी चालूच आहे. दर महिन्याला वॉलेटमध्ये काढून घेऊ का?

निशाचर · २२:१०

झकास केलंत. पुसून परत आणून बघणं हे लोक करतच नाहीत.

दर महिन्याला नको. एक तर अ‍ॅपची काढण्याची फी बहुधा ठरावीक असते, हजार रुपये काढा की पन्नास हजार. हजारावर ती जीवघेणी होते. दुसरं, बिटकॉइनमध्ये येणारी प्रत्येक रक्कम वेगळा तुकडा म्हणून राहते, एकत्र मिसळत नाही. पुढे एकदम मोठी रक्कम पाठवायची झाली तर जितके तुकडे जोडावे लागतील तितकी नेटवर्कची फी वाढते, आणि गर्दीच्या काळात बारीक तुकडा हलवायला त्याच्याच किमतीएवढी फी पडू शकते. वर्षातून दोनदा, जरा जमल्यावर काढा. तोवर अ‍ॅपवर जेवढं असेल तेवढं गेलं तरी झोप उडणार नाही, इतकंच राहू द्या.

विदर्भी ठेचा · २२:२५

म्हणजे सहा महिने अ‍ॅपवरच ठेवायचं. मी हेच म्हणून राहिलो होतो.

शून्य शिल्लक · २२:२७

नाही, तुम्ही हे म्हणत नव्हता.

रानजाई · २२:५०

कडीपत्ता, इथरचं काय केलंत?

कडीपत्ता · २३:०१

ते अ‍ॅपवरच आहे. थोडंसंच आहे, त्याच्यासाठी दुसरं वॉलेट कुठे सांभाळू? ते देऊन बिटकॉइनच घेऊन टाकावं असं मनात आहे. हिशोबनीस, चालेल ना?

हिशोबनीस · २३:४०

चालेल की. इथर फायद्यात असेल तर त्या फायद्यावर तीस टक्के, आणि अ‍ॅप एक टक्का टीडीएस कापेल तो पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये दाखवून वळता करून घ्या. सध्या मात्र मला काही विचारू नका, उद्या १५ तारीख आहे आणि पोर्टल उघडत नाहीये.